हिशेबाच्या संगणकाची डागडुजी



फाळणीनंतर सिंधी बांधवांनी वसविलेल्या या जरीपटक्यात आता हिशेब आणि पत्रव्यवहार संगणकावर चालतो. रोजकीर्दीची जुनी वही कपाटात निमूट पडून राहते. जुने सॉफ्टवेअर मात्र मालकाला दगा देऊ शकते. मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधील समीकरणे लिहिण्याच्या उपकरणाचेच पाहा. त्यातले २००० सालापासूनचे खिंडार २०१७ च्या नोव्हेंबरात बुजविले गेले. आलेली फाइल नुसती उघडली तरी परक्याचा शिरकाव होई. दुरुस्ती निघाली, ज्यांनी ती बसविली नाही, त्यांच्या दारी चोर पुढेही येत राहिले.

ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मग गरिबाने काय करावे? २०१० साली ओपनऑफिसपासून वेगळे झालेले लिबरऑफिस फुकट मिळते. त्याची दुरुस्ती हाताने करता येते, आणि ती अवघड नाही. 'मदत' यादीत आपली आवृत्ती पाहावी. २०२४ पासून तिच्या क्रमांकात वर्ष व महिना असतो: २४.२ म्हणजे २०२४ चा फेब्रुवारी. नवी फाइल मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावी आणि तिथे छापलेला पडताळणीचा आकडा आपल्या फाइलीशी जुळवावा. एक अक्षर जरी बदलले असेल, तरी आकडा जुळत नाही. मग उघडी कागदपत्रे जतन करून, कार्यक्रम बंद करून नवी आवृत्ती बसवावी. जुनी कागदपत्रे जागच्या जागी राहतात. एकदा उतरविलेली फाइल पेनड्राइव्हवरून शेजारच्या दुकानातही नेता येते.

दिवाळीला आपण वह्यांचे पूजन करतो. महिन्यातून एक दिवस या नव्या वहीची डागडुजीही करू या, एवढेच आमचे सांगणे.