रेघ दिसता कामा नये



अभ्यास न करणाऱ्या मुलाला रागावताना आपल्याकडे एक वाक्य हमखास वापरतात, 'शिकला नाहीस तर हजामती करत बसशील!' मास्तर म्हणतात, आईबाप म्हणतात. मी शाळेत असताना हे वाक्य वर्गात आलं, की मी मान खाली घालायचो. कारण माझे वडील खरोखरच हजामती करायचे. अकोल्याच्या जुन्या शहरात एक कडुनिंब, त्याच्या खोडाला टांगलेला आरसा, एक लाकडी खुर्ची आणि धोपटी, एवढंच त्यांचं दुकान. त्या धोपटीच्या जोरावर त्यांनी मला बी.ए. केलं. अट एकच होती, वस्तरा हातात धरायचा नाही. मी ती पाळली. इतकी पाळली, की कॉलेजच्या अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात 'व्यापार' असं लिहून मोकळा झालो.

हे आज सांगायचं कारण माझा भाचा. त्यानं बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं आणि जठारपेठेतल्या एका सलूनमध्ये काम शिकायला जाऊ लागला. बहीण रडत माझ्याकडे आली. म्हणाली, "अब्बांनी जे घराबाहेर काढलं, ते यानं परत आणलं. तुम्ही शिकलेले आहात, भाईजान. त्याला समजवा." मी त्याच दिवशी मोर्णेचा पूल ओलांडून जठारपेठेत गेलो. दुकानात गर्दी होती, म्हणून बाकावर बसलो. बसलो तो दोन तास बसलो. समजवायला गेलो होतो, पण समजून घेऊन परत आलो.

हल्ली पोरं मोबाईलवर फोटो दाखवून 'फेड' नाहीतर 'टेपर' मागतात. दोन्हीतला फरक मला तिथे कळला. टेपरमध्ये कल्ल्यांजवळ आणि मानेवर केस हळूहळू बारीक होत जातात, पण केस राहतात. फेडमध्ये ते खाली येता येता कातडीत विरून जातात. हे विरणं कानाजवळ सुरू केलं तर लो, कानशिलापाशी सुरू केलं तर मिड आणि त्याहून वर गेलं तर हाय. मशीनला लावायचे प्लास्टिकचे कंगवे असतात. एक नंबर म्हणजे ३ मिलिमीटर केस, दोन म्हणजे ६, तीन म्हणजे १० आणि चार म्हणजे १३. शिवाय मशीनच्या बाजूला एक लिव्हर असते. ती उघडली की केस किंचित लांब राहतात आणि मिटली की आणखी बारीक होतात. म्हणजे सगळा खेळ एक-दोन मिलिमीटरचा.

ऐकायला सोपं वाटतं. आधी डोक्याभोवती खालची रेघ मारायची. तिच्यावर बोटभर रुंदीचा पट्टा मोठ्या नंबरानं काढायचा. मग दोघांच्या सीमेवर मधला नंबर, लिव्हर थोडी थोडी मिटत. खरी अडचण मनगटाची आहे. मशीन डोक्याला चिकटवून तसंच वर नेलं, तर जिथे थांबेल तिथे नवी रेघ पडते. म्हणून डोक्याची गोलाई सुरू झाली की मनगट बाहेर वळवून मशीन अलगद उचलायचं. मागच्या बाजूला डोक्याला उंचवटा असतो, त्याखाली खळगा. तिथे एकच नंबर फिरवला तरी सावली गडद-फिकी दिसते. भोवऱ्यापाशी केस चारी दिशांना जातात. आणि आपले केस काळे आणि सरळ, त्यामुळे जराशी चूकही लगेच उठून दिसते.

दुकानाच्या मालकांना सगळे 'भाऊ' म्हणतात. माझ्याच वयाचे, पिढीजात नाभिक. कंगवा आणि कात्रीवर त्यांची हयात गेली. ते मला म्हणाले, "रेघ तं कोनालेबी मारता येते, भाई. मिटवता आली पायजे."

माझा भाचा पहिले तीन महिने झाडू मारत होता, टॉवेल धूत होता, मशीनची पाती साफ करून तेल घालत होता. मग फुग्याला फेस लावून वस्तरा फिरवणं सुरू झालं. फुगा फुटला की सगळं दुकान हसायचं. त्यानंतर खरी डोकी लागतात. ती घरातून आली. त्यातलं एक माझं. माझ्या डाव्या कानामागे त्यानं अशी काही पायरी पाडली, की आठवडाभर ती लपवावी लागली. त्याच आठवड्यात एक कविसंमेलन होतं. मी टोपी घालून कविता वाचल्या. लोकांना वाटलं, कवी धार्मिक झाला!

या फॅशनचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. माझ्या वडिलांकडे हातमशीन होतं, मूठ दाबून चालवायचं. विजेवर चालणाऱ्या मशीनचं पेटंट लिओ वॉल या अमेरिकन माणसानं शंभरेक वर्षांपूर्वी घेतलं. सैनिकांचे बाजूनं बारीक केलेले केस आपण 'सोल्जर कट' म्हणून ओळखत होतोच. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या न्हाव्यांनी त्याच बारीक केसांतून फेडची कला फुलवली. तिथून ती गाण्यांच्या चित्रफितींतून, खेळाडूंच्या डोक्यांवरून आणि शेवटी मोबाईलमधून जठारपेठेत उतरली. भाऊंना ती चाळिशी उलटल्यावर नव्यानं शिकावी लागली. आजही एखादा नवा प्रकार आला, की ते माझ्या भाच्याला व्हिडिओ लावायला सांगतात आणि दोघं मिळून पाहतात. पण व्हिडिओत दिसतं ते दुसऱ्याचं डोकं. खुर्चीत बसलेल्याचं डोकं भाऊ बोटांनी चाचपून सांगतात. म्हाताऱ्या हाताकडून पोर शिकतं आणि पोराच्या मोबाईलमधून म्हातारा हात शिकतो. मी इतकी वर्षं साहित्य संमेलनांना जातो आहे. अशी देवाणघेवाण तिथे फार पाहिली नाही.

ज्या हातांना आपण अडाणी म्हणत आलो, त्यांनी आपल्याला कितीतरी शिकवलं आहे. संत सेना महाराजांनी धंद्यातली हत्यारंच अभंगात आणली. आमच्याकडचे अनेक न्हावी हजरत सलमान फारसी यांच्याशी नातं सांगतात आणि स्वतःला सलमानी म्हणवतात. आणि १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवून ठरवलं, की विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. शिकल्यासवरल्या घरांत जी रूढी चालू होती, तिला हे हजामती करणारे लोक 'नाही' म्हणाले. कामाचे पैसे बुडणार हे माहीत असून म्हणाले.

आता सरकारदरबारीही नोंद झाली आहे. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत न्हाव्याचा व्यवसाय आहे. त्यात प्रशिक्षण मिळतं आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदतही मिळते. चांगलं आहे. पण सरकारी कागदावर 'कारागीर' असं लिहिलं गेलं, तरी घरातल्यांच्या तोंडी तो शब्द यायला वेळ लागतो.

हा धंदा फार सोपा आहे असं मी म्हणणार नाही. दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून येतात. केसांचे बारीक तुकडे बोटांत काट्यासारखे रुततात. भाच्यानं कॉलेज सोडलं याचं मला आजही वाईट वाटतं, आणि बाहेरून परीक्षा देऊन तू पदवी घे, असं मी त्याला सांगत असतो. तो हसतो. पण हे काम सोड, असं मी त्याला त्या दिवसानंतर पुन्हा कधी म्हणालो नाही.

यंदा ईदच्या आदल्या दिवशी मी त्याच्या खुर्चीत बसलो. बहीणही आली होती, बाहेर स्कूटरपाशी उभी होती. काम संपल्यावर त्यानं मागे आरसा धरला. मी डाव्या कानामागे पायरी शोधली. उजव्या बाजूला शोधली. केस कुठे संपले आणि कातडी कुठे सुरू झाली, ते काही सापडलं नाही. भाऊंनी लांबूनच पाहिलं आणि काही न बोलता पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं. भाचा म्हणाला, त्यांनी काही म्हटलं नाही म्हणजे जमलं.

गेल्या महिन्यात माझ्या नव्या कवितासंग्रहासाठी प्रकाशकांनी परिचय मागवला. त्यात मी एक ओळ घातली, 'वडील अकोल्याच्या जुन्या शहरात न्हाव्याचा व्यवसाय करत.' एवढं लिहायला मला जवळजवळ चाळीस वर्षं लागली.