वही, वंश आणि क्रमांक

(सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज मारवाडातून खानदेशात आले. त्यांचे कूळ, गोत्र व मूळ गाव भाटांच्या वह्यांत नोंदलेले असे. माझ्या वडिलांनी अशा एका वहीतून पाच पिढ्यांचा उतारा करून घेतला होता. परंतु वही कोणती, पान कितवे, हे टिपून ठेवले नाही. त्यातील एक नाव आज पाण्याने पुसले आहे आणि ते मुळाशी ताडून पाहण्याचा मार्ग उरलेला नाही.

आम्हा व्यापाऱ्यांकडून तरी अशी चूक होऊ नये. रोजकीर्दीतील रकमेसमोर आपण खातेपान लिहितो, म्हणूनच ती रक्कम खतावणीत सापडते. सूचीतील क्रमांक हेच कार्य करतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील शासकीय संग्रहाची हस्तलिखिते अनुक्रमांक व संग्रहवर्ष यांवरून ओळखली जातात. जैन पोथ्यांच्या प्रशस्तींत पोथी लिहवून घेणाऱ्या श्रावकाचे माता-पिता, ज्ञाती व गाव अनेकदा आढळते. कल्पसूत्राच्या प्रती असंख्य आहेत. आपल्या कुळाचे नाव मात्र त्यांतील एखाद्याच प्रतीत असणार. ती प्रत नेमकी हाती येते, ती क्रमांकामुळेच. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे सूक्ष्मचित्रण अमेरिकेतील युटाच्या वंशशास्त्र संस्थेने केले. तेथेही शोधकाला वाट दाखवतो तो फिल्मचा क्रमांक.

नावे बदलत राहतात. खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्यांनाच जळगाव व धुळे ही नावे मिळाली. कोठे बाफणा लिहितात, कोठे बाफना. म्हणून नावाची सर्व रूपे सूचीत द्यावीत आणि ती एकाच क्रमांकाशी जोडावीत.

माझी विश्वस्तांना नम्र विनंती आहे. आपल्या कपाटातील प्रत्येक वहीला या वर्षी क्रमांक द्यावा. ‘दे २०३१/४/१८’ म्हणजे देणगी वही, संवत २०३१, चौथी वही, पान अठरा. उद्या कपाट बदलले तरी हा क्रमांक बदलू नये, आणि सूचीची एक प्रत अन्यत्र ठेवावी. जुनी मारवाडी व मोडी अक्षरे वाचणारे वडीलधारे आज आपल्यात आहेत, तोवरच हे काम नीट होईल.

पन्नास वर्षांनी एखादा नातू पणजोबांचे नाव शोधत येथे येईल. त्याला रिकाम्या हाताने परत जावे लागू नये, एवढेच मागणे.