काटा पाहावा, तसा आकडा पाहावा
(घोटी येथे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



घोटी ही भाताची बाजारपेठ. पोते स्वीकारताना आपण काटा पाहतो. खात्यावर पैसे पाठवितानाही तीच दक्षता हवी.

युरोपातील ‘आयबॅन’ या आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकात दोन तपासणी अंक असतात. ठरलेल्या रीतीने मांडून ९७ने भागल्यास बाकी १ उरावी लागते. एक अंक चुकला तरी दोष उघड होतो. भारतात आयबॅन नाही, आणि आपल्या सर्व बँकांच्या खाते क्रमांकांना असा एकच नियमही नाही.

पासबुकावरील आयएफएससी संकेतांक ११ चिन्हांचा असतो: पहिली ४ अक्षरे बँकेची, पाचवे शून्य, शेवटची ६ चिन्हे शाखेची. तेथे ‘ओ’ लिहू नये. मात्र हा संकेतांक शाखा सांगतो, खातेदार नव्हे.

एनईएफटीने रक्कम केवळ क्रमांकावरून जमा होऊ शकते. एका अंकाच्या चुकीने मजुराची मजुरी परक्याच्या खात्यात जाऊ शकते. म्हणूनच पाठविण्यापूर्वी खातेदाराचे नाव दाखविण्याची सोय १ एप्रिल २०२५पर्यंत करावी, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले.

यादी करताना एकाने पासबुकातील अंक मोठ्याने वाचावेत, दुसऱ्याने ताडून पाहावेत आणि नाव जुळल्यावरच रक्कम पाठवावी. ज्याची मजुरी आहे, ती त्याच्याच हाती पडली पाहिजे.