खासदार परदेशी काय कबूल करून येतात?

(महिला सरपंच व पंचायत सदस्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'जगातील संसदांचे परस्पर सहकार्य' असा छापला आहे. तो वाचून सकाळी चहाच्या वेळी एका ताईंनी मला विचारले, "आमच्याकडे टँकर चार दिवसांआड येतो, आणि तुम्ही जगातल्या संसदांचं काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. आपण निवडून दिलेले खासदार दरवर्षी परदेशात जाऊन इतर देशांच्या खासदारांबरोबर बसतात. बाळंतपणात मरणाऱ्या बाया, स्त्रियांवरचे अत्याचार, हवामान, युद्ध अशा विषयांवर ठराव करतात. हे ठराव आपल्या नावाने होतात. फक्त ते आपल्याला कुणी वाचून दाखवत नाही.

ही मंडळी जिथे भेटतात त्यातली सर्वांत जुनी जागा म्हणजे आंतरसंसदीय संघ, इंग्रजी आद्याक्षरांवरून आयपीयू. १८८९ साली पॅरिसमध्ये नऊ देशांचे खासदार जमले तेव्हा तो सुरू झाला. पुढाकार दोघांचा होता, फ्रान्सचे फ्रेदरिक पासी आणि इंग्लंडचे विल्यम रँडल क्रेमर. क्रेमर मूळचे सुतार, कामगार संघटनेतून पार्लमेंटात गेलेले. दोन देशांत भांडण झाले तर तोफा काढण्याआधी लवादापुढे जा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. १८९९ मध्ये हेग येथे कायमचे लवाद न्यायालय स्थापन झाले, त्यात या खासदारांच्या प्रचाराचा वाटा होता. दोघांनाही पुढे शांततेचे नोबेल मिळाले.

आज या संघात १८० हून जास्त देशांच्या संसदा आहेत. कचेरी जिनिव्हाला आहे. संयुक्त राष्ट्रांपेक्षा इथे एक मोठा फरक आहे, तो लक्षात ठेवा. संयुक्त राष्ट्रांत सरकारांचे दूत बसतात. इथे संसदेचे सदस्य जातात, म्हणजे विरोधी पक्षाचेही जाऊ शकतात. सरकारला जे बोलायचे नाही ते बोलण्याची सोय निदान कागदावर तरी आहे.

पॅरिसच्या त्या पहिल्या सभेत एकही स्त्री खासदार नव्हती. असणार तरी कशी? तेव्हा जगातल्या कुठल्याच देशाच्या संसदेत स्त्री नव्हती. १९०७ मध्ये फिनलंडमध्ये १९ स्त्रिया निवडून आल्या, त्या पहिल्या. म्हणजे जगाच्या शांततेचा विचार करायला बसलेल्या या सभ्य गृहस्थांना अर्धे जग दारात उभे आहे हे दिसायला पुष्कळ वर्षे लागली.

पण संघाने पुढे एक काम केले, ज्याचा आपल्या चळवळीला खरा उपयोग झाला. त्यांनी बाया मोजायला सुरुवात केली. कुठल्या देशाच्या संसदेत किती स्त्रिया आहेत याची यादी करायची, क्रम लावायचा आणि तो जगासमोर ठेवायचा. बीजिंग परिषदेच्या वर्षी, १९९५ मध्ये, जगातल्या संसदांत स्त्रिया ११.३ टक्के होत्या. २०२५ च्या सुरुवातीला त्या २७.२ टक्के झाल्या. तीस वर्षांत एवढेच, असे कुणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. पण आकडा नसता तर मागायचे तरी कशाच्या जोरावर? २००८ मध्ये रवांडाच्या कनिष्ठ सभागृहात स्त्रियांचे बहुमत झाले, जगात पहिल्यांदाच. तेव्हापासून 'चांगल्या शिकल्यासवरल्या बाया मिळत नाहीत' हे पुरुषमंडळींचे आवडते वाक्य जरा लंगडे पडले आहे.

आता आपल्या देशाचे सांगते. १९९७ च्या फेब्रुवारीत याच संघाने एक खास परिषद भरवली. विषय होता राजकारणात स्त्री-पुरुषांची भागीदारी, आणि ठिकाण होते नवी दिल्ली. देशोदेशीचे खासदार आले. यजमान आपली संसद. त्याच संसदेत त्याच वेळी काय पडून होते? १२ सप्टेंबर १९९६ रोजी मांडलेले महिला आरक्षण विधेयक. गीता मुखर्जींच्या समितीने डिसेंबरमध्ये त्यावरचा अहवालही दिला होता. बाहेर पाहुण्यांसमोर भागीदारीची भाषा, आणि घरात विधेयकाला हात लावायला कुणी तयार नाही. सभागृहात तेव्हा स्त्रिया दहा टक्क्यांच्याही आत होत्या.

ते विधेयक पडले, पुन्हा मांडले, पुन्हा पडले. २०१० मध्ये राज्यसभेत मंजूर झाले आणि लोकसभेत अडकले. अखेर २०२३ मध्ये १०६ वी घटनादुरुस्ती झाली, तीही पुढची जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर लागू होईल अशा अटीसह. २०२४ ची लोकसभा निवडणूक आरक्षणाशिवायच पार पडली. ५४३ मध्ये ७४ स्त्रिया निवडून आल्या. तुमच्या पंचायतीत मात्र ७३ व्या घटनादुरुस्तीपासून एक तृतीयांश जागा आहेत, आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. जे स्वतःच्या घराला लावायला संसदेला २७ वर्षे लागली ते तिने गावाला आधी लावले. गावाला लावणे सोपे होते, कारण त्यात खासदारांची खुर्ची जात नव्हती!

मग दिल्लीच्या त्या परिषदेचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. ठराव हा नुसता ठराव असतो, त्याने कुणालाही बांधून ठेवता येत नाही. पण संघाने स्वतःच्या नियमावलीत एक नियम केला आहे आणि त्याला दात आहेत. एखाद्या संसदेने लागोपाठ तीन अधिवेशनांना फक्त पुरुषांचे किंवा फक्त स्त्रियांचे शिष्टमंडळ पाठवले, तर तिचा एक प्रतिनिधी आपोआप कमी होतो आणि मतेही कमी होतात. भाषण नाही, उपदेश नाही. बाई आणली नाही तर मत गेले. ज्यांच्या देशात स्त्रियांना कुणी विचारत नाही तेही मग मुकाट्याने एकीला बरोबर घेतात.

इथे तुम्ही हसताहात, कारण 'बरोबर घेतलेली बाई' म्हणजे काय ते तुम्हाला चांगले ठाऊक आहे. सरपंचपती ही जात आपल्याकडे आहेच. सहीला बाई आणि खुर्चीवर दादला. तरीही तुमच्यापैकी कितीजणींनी पहिल्या वर्षी नुसती सही केली आणि तिसऱ्या वर्षी दादल्याला ग्रामपंचायतीच्या बाहेर बसवले, तेही मी पाहिले आहे. आधी आत यावे लागते. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेल्या नजमा हेपतुल्ला १९९९ मध्ये या संघाच्या अध्यक्षपदी निवडून आल्या, त्या पदावर निवडून आलेली पहिली स्त्री. संघ स्थापन होऊन तेव्हा ११० वर्षे झाली होती. २०२३ मध्ये टांझानियाच्या टुलिया ॲक्सन निवडून आल्या, आफ्रिकेतली पहिली स्त्री.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. २०१६ मध्ये संघाने ३९ देशांतल्या ५५ स्त्री खासदारांना त्यांच्यावर होणाऱ्या हिंसेबद्दल विचारले. ८१.८ टक्के जणींनी मानसिक छळ सोसल्याचे सांगितले. ४४.४ टक्के जणींना मारण्याच्या, बलात्काराच्या, पळवून नेण्याच्या धमक्या आल्या होत्या. या खासदार होत्या, तुमच्या-माझ्यासारख्या नव्हेत. गाडी, बंगला, पोलीस सगळे असणाऱ्या. ग्रामसभेत तुमच्या चारित्र्यावर कुजबुज होते, अविश्वासाच्या ठरावाआधी रात्री दारावर थापा पडतात, तेव्हा तुम्हाला वाटते की आपण अडाणी, गावातल्या, म्हणून हे होते. तसे नाही. पार्लमेंटात बसलेल्या बाईलाही हेच ऐकावे लागते. हे त्या खासदार स्त्रियांनी एकमेकींना सांगितले म्हणून जगाला कळले. आपल्या देशात एखादी तेच बोलली असती तर पक्षाने तिला गप्प केले असते. बाहेर, परक्या देशाच्या मैत्रिणीजवळ, बोलता येते. सहकार्य हा शब्द जड आहे, पण त्याचा एक अर्थ हा आहे.

१९७६ पासून संघाची एक समिती आहे. जे खासदार तुरुंगात टाकले जातात, बेपत्ता होतात, मारले जातात, त्यांची प्रकरणे ती चालवते. लैला झाना हे नाव तुम्ही ऐकले नसेल. १९९१ मध्ये तुर्कस्तानच्या संसदेवर निवडून आलेल्या या पहिल्या कुर्दी स्त्री. शपथ घेतल्यावर त्या एक वाक्य आपल्या कुर्दी भाषेत बोलल्या. पुढे त्यांचे संसदीय संरक्षण काढून घेतले गेले, आणि १९९४ मध्ये १५ वर्षांची शिक्षा झाली. या समितीने त्यांचे प्रकरण हाती घेतले. २००४ मध्ये त्या सुटल्या. तोपर्यंत दहा वर्षे गेली होती. त्यांची सुटका समितीने केली असे मी म्हणणार नाही. त्यांची फाईल बंद होऊ दिली नाही, एवढे म्हणेन.

आणि कधी कधी काहीच हाती राहत नाही. अफगाणिस्तानच्या कनिष्ठ सभागृहात २५० पैकी ६८ जागा स्त्रियांसाठी राखीव होत्या, आपल्या लोकसभेत एकही नसताना. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान आले आणि संसदच उरली नाही. बऱ्याच स्त्री खासदार देश सोडून गेल्या. मुरसल नबीजादा गेल्या नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये काबूलमध्ये त्यांच्या घरात शिरून त्यांना गोळ्या घातल्या. जगभरच्या संसदांनी निषेध केला. निषेधाने काय होते, हा प्रश्न मलाही पडतो.

आता आपल्या खासदारांकडे येऊ. आपल्याकडे भारतीय संसदीय गट आहे, १९४९ पासून. लोकसभेचे अध्यक्ष त्याचे पदसिद्ध अध्यक्ष. या गटामार्फत आपण आंतरसंसदीय संघात असतो. संघाच्या घटनेत सदस्य संसदांचे कर्तव्य स्पष्ट लिहिले आहे: संघाचे ठराव आपल्या संसदेसमोर योग्य त्या रीतीने ठेवायचे, सरकारला कळवायचे, अंमलबजावणीसाठी झटायचे, आणि काय केले ते संघाला कळवायचे. २०१२ च्या एप्रिलमध्ये युगांडातल्या कंपाला येथे स्त्रिया आणि बालकांच्या आरोग्याच्या हक्काबद्दल ठराव झाला. तुमच्या तालुक्याच्या दवाखान्याशी त्याचा थेट संबंध आहे. तुमच्या खासदाराने त्याचे नाव तरी कधी काढले का? ग्रामसभेत मागच्या सभेचे इतिवृत्त वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तुम्ही ते रोखून धरता, मी पाहिले आहे. दिल्लीला हा नियम का नको?

आणखी एक अडचण आहे. आपल्या देशात आंतरराष्ट्रीय करार सरकार करते. त्याला संसदेची मंजुरी लागत नाही. स्त्रियांवरील सर्व प्रकारचा भेदभाव नष्ट करण्याचा करार, ज्याला आपण सीडॉ म्हणतो, भारताने १९९३ मध्ये मान्य केला. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दल कायदा मात्र नव्हता. राजस्थानच्या भंवरीदेवींवर बलात्कार झाला, संघटना न्यायालयात गेल्या, आणि १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच कराराचा आधार घेऊन नियम घालून दिले. संसदेने कायदा केला तो २०१३ मध्ये. मधली १६ वर्षे आपले खासदार परदेशच्या परिषदांना जातच होते.

म्हणून एक काम सुचवते. लोकसभा सचिवालयाच्या माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. गेल्या पाच वर्षांत आंतरसंसदीय संघाच्या अधिवेशनांना आपले कोण गेले, त्यांत स्त्रिया किती, खर्च किती, कोणते ठराव मंजूर झाले, आणि त्यांतला कोणता ठराव सभागृहासमोर कधी ठेवला, एवढेच विचारायचे. अर्ज जिथे करतो त्या प्रदेशाच्या राजभाषेत, म्हणजे मराठीत, करण्याची कायद्यात सोय आहे. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तीही माफ. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. जेवणानंतर मी नमुना फळ्यावर लिहिते. प्रत्येकीने आपापल्या वहीत उतरवून घ्या आणि खाली आपल्या गावाचे नाव घाला.