वंशावळ आणि हजेरीपट



युनियनच्या माणसाने राजघराण्याच्या वंशावळीत डोके का घालावे, असे आम्हांला पुष्कळांनी विचारले. शाळा आमची लवकर सुटली. कागद वाचायला आम्ही शिकलो ते हजेरीपटावर. एका कारखान्यात बदली कामगाराचे 240 दिवस भरत आले की त्याचे नाव पटावरून उडे, आणि पंधरवड्याने तोच नवा माणूस म्हणून चढे. माणूस तोच, यंत्र तेच; कागदावर मात्र नोकरी तुटलेली. तेव्हापासून कोणताही कागद हाती आला की आम्ही आधी विचारतो, हा कुणाला दाखवायला लिहिला?

वंशावळीत उलटे होते. तिथे तुटलेले जोडतात. भोसल्यांचेच घ्या. शहाजीराजे, त्यांचे वडील मालोजी, मालोजींचे वडील बाबाजी, इथवर पाऊल भक्कम जमिनीवर पडते. त्यापलीकडची चितोडच्या सिसोदियांपर्यंतची वाट 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी कामी आली, कारण क्षत्रियत्व सिद्ध करायचे होते. मुधोळच्या घोरपड्यांकडची बहामनी फर्माने याच वाटेचा पुरावा म्हणून पुढे आली. त्यांच्या अस्सलपणाविषयी इतिहासकारांत वाद आहे. तंजावरला तर 1803 मध्ये बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसलेवंशाची कथा मराठीत कोरली. पण दगडाला खोटे बोलता येत नाही असे थोडेच आहे!

आणि आपली करवीरची गादी? 1884 साली कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव दत्तक आले आणि शाहू महाराज झाले. वंशावळीत रेघ सरळ खाली येते. जन्म दुसऱ्या घरचा. आम्हांला यात कमीपणा दिसत नाही. दत्तक उघड आहे, लपवलेले नाही. गंमत अशी, की त्यांच्या मातोश्री राधाबाई मुधोळच्या घोरपड्यांच्या लेक. ती फर्माने खरी मानली, तर भोसल्यांचा धागा आईकडूनच मिळतो. पण वंशावळीत आईला विचारतो कोण?

2023 पासून हे दप्तर शेतकऱ्याच्या दारात आले आहे. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. जुन्या रजिस्टरात 'कुणबी' लिहिणाऱ्या कारकुनाला आजच्या दाखल्याची कल्पना नव्हती. म्हणून ती ओळ आम्हांला तंजावरच्या भिंतीपेक्षा वजनदार वाटते. अडते ते पुढे. पणजोबा सापडतात, पण हा पणतू त्यांचाच हे दाखवायला मधल्या प्रत्येक पिढीचा कागद लागतो. राजांच्या वंशावळीतल्या फटी शास्त्री-पंडितांनी भरून दिल्या. इथे एक कागद हरवला, की अर्ज परत येतो.