आंतरराष्ट्रीय ऑनलाइन विज्ञान स्पर्धा आणि आपले विद्यार्थी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित विद्यार्थी गौरव समारंभात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि आयुष्यभर कापडाची गादी सांभाळलेला माणूस. विज्ञानावर अधिकारवाणीने बोलण्याची माझी पात्रता नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. परंतु भांडवल कोठे गुंतवावे आणि त्याचा परतावा कशाने मोजावा, हा विचार व्यापाऱ्याला जन्मभर करावा लागतो. त्याच दृष्टीने, माध्यमिक शाळेतील मुलांसाठी इंटरनेटवरून होणाऱ्या आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धांकडे आपण कसे पाहावे, याविषयी माझे विचार मी आपल्यासमोर मांडणार आहे.

कापड आणि विज्ञान यांचे नाते आपल्याला परके नाही. अहमदाबादच्या गिरणीमालक साराभाई घराण्यात जन्मलेल्या डॉ. विक्रम साराभाई यांनी १९४७ साली भौतिक संशोधन प्रयोगशाळेची स्थापना केली. गिरण्यांच्या संशोधनासाठी ‘अटीरा’ ही संस्था उभारण्यातही त्यांचा पुढाकार होता. पुढे १९६६ साली त्यांनी शाळकरी मुलांना स्वतःच्या हातांनी प्रयोग करता यावेत म्हणून अहमदाबादेत सामुदायिक विज्ञान केंद्र सुरू केले. मुलाच्या जिज्ञासेला वेळीच आधार मिळाला पाहिजे, हे त्या द्रष्ट्या पुरुषाने जाणले होते. त्या काळी असे केंद्र एखाद्याच मोठ्या शहरात असे. आज तालुक्याच्या गावातील मुलासमोरही जगाचे दार उघडे आहे.

हे दार कसे उघडले, याचे एक ठळक उदाहरण म्हणजे २०११ साली सुरू झालेली गूगल सायन्स फेअर. १३ ते १८ वर्षे वयाच्या मुलांनी आपला प्रकल्प इंटरनेटवरून सादर करावयाचा, त्यासाठी कोणतेही शुल्क नाही आणि बहुतेक देशांतील मुलांना ती खुली, असे तिचे स्वरूप होते. २०१८-१९ च्या पर्वानंतर ती स्पर्धा झाली नाही. मात्र त्या आठ-नऊ वर्षांत तिने काय घडविले, ते पाहण्यासारखे आहे.

२०१३ साली कॅनडातील ॲन माकोसिन्स्की या पंधरा वर्षांच्या मुलीने आपल्या वयोगटात पहिला क्रमांक मिळविला. फिलिपाइन्समधील तिच्या मैत्रिणीच्या घरी वीज नव्हती, त्यामुळे रात्री अभ्यास होत नसे. त्या अडचणीचा विचार करीत तिने तळहाताच्या उष्णतेवर पेटणारी, बॅटरीविना चालणारी विजेरी तयार केली. २०१५ साली ओडिशातील कोरापूट जिल्ह्यातल्या दामनजोडीची तेरा वर्षांची ललिता प्रसिदा हिने, खाऊन फेकून दिलेल्या मक्याच्या बुरकुंडांतून सांडपाणी गाळून ते स्वच्छ करण्याची पद्धत मांडली आणि समाजोपयोगी प्रकल्पाचे पारितोषिक पटकाविले. २०१६ साली दक्षिण आफ्रिकेत भीषण दुष्काळ होता. तेथील सोळा वर्षांच्या कियारा निरघिनने संत्र्याच्या साली व ॲव्होकॅडो फळाची साल वापरून, मातीत पाणी धरून ठेवणारा पदार्थ तयार केला. ५० हजार डॉलर शिष्यवृत्तीचे सर्वोच्च पारितोषिक तिला मिळाले.

मित्रहो, त्याच २०१६ सालच्या एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, हे आपण विसरलेलो नाही. प्रश्न दोन्हीकडे एकच होता. संत्र्याच्या सालीही आपल्याकडे काही कमी नव्हत्या. म्हणून या स्पर्धांचा पहिला लाभ मी असा मानतो की, आपल्या अंगणातील अडचण हा जगासमोर मांडण्याजोगा अभ्यासविषय आहे, हे त्या मुलाला शिकवितात. आणि वरील उदाहरणांत वापरलेल्या वस्तू पाहा : बुरकुंडे, साली, हाताची ऊब. ना महागडी यंत्रसामग्री, ना मुक्या जिवाला इजा.

दुसरा लाभ नोंदींच्या शिस्तीचा. आपण व्यापारी लोक रोजमेळ लिहितो. दिवसअखेर शिल्लक जुळली नाही तर आकडा दामटून बसवीत नाही, चूक शोधतो. प्रयोगाची वही हा विद्यार्थ्याचा रोजमेळच होय. काय योजिले, काय घडले, कोठे फसले, हे सारे तारीखवार लिहिणे म्हणजे सचोटीचे प्रत्यक्ष शिक्षण. पाठ्यपुस्तकातील प्रयोगाचे उत्तर आधीच छापलेले असते आणि ते आले नाही तर मूल शेजाऱ्याच्या वहीतून उतरविते. स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर कोठेच छापलेले नसते, त्यामुळे उतरवून घेण्याचा मोहही उरत नाही.

तिसरा लाभ निःपक्ष परीक्षणाचा. दूरदेशीचा परीक्षक मुलाच्या वडिलांना ओळखत नाही, त्यांची पत आणि प्रतिष्ठा जाणत नाही. तेथे ओळखपाळख चालत नाही. २०१५ साली सुरू झालेल्या ‘ब्रेकथ्रू ज्युनियर चॅलेंज’ या स्पर्धेत विज्ञानातील एखादी अवघड संकल्पना काही मिनिटांच्या चित्रफितीतून समजावून सांगावयाची असते आणि स्पर्धकांनी एकमेकांच्या चित्रफितींना गुणही द्यावयाचे असतात. दुसऱ्याचे काम न्यायबुद्धीने तोलण्याचा हा संस्कार मला फार मोलाचा वाटतो. २०१८ साली बंगळुरूच्या समय गोडिका या विद्यार्थ्याने ती जिंकली. विजेत्याला अडीच लाख डॉलरची शिष्यवृत्ती तर होतीच, शिवाय त्याच्या शिक्षकाला ५० हजार डॉलर आणि शाळेला एक लाख डॉलरची प्रयोगशाळा अशी योजना होती. एका विद्यार्थ्याच्या यशात गुरू आणि शाळा यांचा वाटा मानण्याची ही रीत आपणही घेण्यासारखी आहे.

चौथा लाभ म्हणजे खऱ्या संशोधनात सहभाग. सुरत आपल्याला साड्यांच्या बाजारपेठेमुळे ठाऊक आहे. त्याच सुरतेतील दहावीच्या दोन मुलींनी २०२० साली एक लघुग्रह शोधून काढला. हवाई बेटांवरील दुर्बिणीने टिपलेली छायाचित्रे इंटरनेटवरून जगभरच्या विद्यार्थ्यांना देण्याचा एक आंतरराष्ट्रीय उपक्रम आहे. स्थिर ताऱ्यांमधून सरकणारा एखादा ठिपका दिसतो काय, हे त्या छायाचित्रांत चिकाटीने पाहावयाचे असते. ही स्पर्धा नसून शोधमोहीम आहे, तरीही येथे मुद्दाम सांगितली, कारण हे काम त्या मुलींनी स्वतःच्या शहरात बसून केले.

आता नाण्याची दुसरी बाजू. बाजारात माल वाढला की खोटा मालही येतो. भरमसाट शुल्क घेऊन जवळजवळ प्रत्येकाला पदक वाटणाऱ्या परीक्षा आहेत. तयार प्रकल्प विकणारेही आहेत. पालकांनी चार गोष्टी तपासाव्यात : परीक्षक कोण आहेत, शुल्क किती व कशासाठी आहे, पूर्वीच्या विजेत्यांचे काम पाहावयास मिळते काय, आणि मुलांची वैयक्तिक माहिती सुरक्षित राहते काय. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, प्रकल्प मुलाचाच असावा. विकत घेतलेल्या प्रकल्पाचे प्रमाणपत्र म्हणजे न वटणारी हुंडी.

येथे एक हकिकत सांगणे मला आवश्यक वाटते. आमच्या दुकानातील एका जुन्या सहकाऱ्याची कन्या गतवर्षी नववीत होती. बोअरच्या पाण्यात कपड्याचा रंग लवकर उतरतो असे तिची आई नेहमी म्हणे. ते खरे आहे काय, हा त्या मुलीचा प्रश्न. तिने दुकानातून एकाच ठाणाचे उरलेले तुकडे मागून नेले, निम्मे बोअरच्या व निम्मे नळाच्या पाण्यात, तोच साबण आणि तितकाच वेळ ठेवून धुतले. दुसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आले की, बोअरच्या पाण्यातले तुकडे उन्हात वाळत होते आणि नळाच्या पाण्यातले सावलीत. तिने ते वहीत स्पष्ट लिहिले, पहिल्या नोंदी बाद केल्या आणि सारे तुकडे सावलीत वाळवून प्रयोग नव्याने केला. तेव्हा दोन्हींतला फरक जवळजवळ नाहीसा झाला. तिच्या तुकड्यांचा रंग उन्हाने नेला होता.

चाळीस वर्षे मी गिऱ्हाइकांच्या रंग उतरल्याच्या तक्रारी ऐकत आलो आहे. अशी वही मी प्रथमच पाहिली. ती वही एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी पाठवावयाची होती. तेथे इंग्रजीत निवेदन हवे होते, चित्रफीत हवी होती. घरात एकच मोबाइल, तोही दिवसभर वडिलांबरोबर दुकानात. मुदत निघून गेली. मला हे कळले तेव्हा ती दहावीच्या वर्गात गेली होती. त्या मुलीची बुद्धी कमी पडली नाही, कष्ट कमी पडले नाहीत. कमी पडले ते एक संगणक, थोडे इंग्रजी आणि विचारपूस करणारे एखादे वडीलधारे माणूस.

आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षे गुणवंतांचा गौरव केला, शिष्यवृत्त्या दिल्या, हे कार्य वंदनीय आहे. परंतु गौरव हा निकालानंतर होतो. मी ज्या लाभांचा उल्लेख केला ते सारे निकालाच्या आधी, काम चालू असतानाच पदरी पडतात. हजारोंतून एखादाच पहिला येणार. उरलेल्यांची वही, शिस्त आणि विचारशक्ती मात्र त्यांच्याजवळच राहते. म्हणून सुवर्णमहोत्सवी निधीतील काही अंश आपण पदकाऐवजी कामावर खर्च करावा, अशी माझी विश्वस्तांना नम्र विनंती आहे.

त्यासाठी फार मोठ्या रकमेची गरज नाही. आपल्या सभागृहामागील खोलीत इंटरनेटसह दोन संगणक असावेत. आठवड्यातून दोन सायंकाळी विज्ञानाच्या एखाद्या निवृत्त शिक्षकांनी मानधनावर तेथे बसावे. इंग्रजी निवेदनासाठी समाजातील महाविद्यालयीन मुला-मुलींनी साहाय्य करावे, मात्र विचार आणि आकडे मुलांचेच राहू द्यावेत. साहित्याचा खर्च प्रयोगाची वही पाहून द्यावा, आणि वार्षिक समारंभात जिंकलेल्या स्पर्धकाबरोबर पूर्ण झालेल्या वहीचाही सत्कार व्हावा. ही खोली आपल्या मुलांइतकीच आपल्या दुकानांत राबणाऱ्यांच्या मुलांनाही खुली असावी. पहिल्या वर्षीच्या दोन्ही संगणकांचा खर्च माझ्या पेढीतर्फे मी आज जाहीर करतो.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडून मला एवढेच हवे आहे : आज घरी गेल्यावर एक कोरी वही घ्या आणि तिच्या पहिल्या पानावर, ज्याचे उत्तर तुमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही, असा एक प्रश्न लिहा.