शिंगराची हाडे आणि आपली घाई

(पशुपालक मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे गिऱ्हाईक प्रथम पाहते ते उंची, रंग आणि चाल. फसगत होते ती उंचीमुळे. पहिले वर्ष सरता सरता शिंगरू आपल्या पूर्ण उंचीचा सुमारे नऊ दशांश भाग गाठते. परंतु उंची आली म्हणजे हाड पक्के झाले, असे नव्हे.

आपल्या कानाच्या वरच्या भागात जी लवचीक कूर्चा हाताला लागते, तशाच कूर्चेचा एक पातळ थर लांब हाडांच्या टोकांजवळ असतो. हाड वाढते ते या थरातून. एका बाजूस नवी कूर्चा तयार होते, दुसऱ्या बाजूस जुनी कूर्चा हाड बनते. वाढ संपली की हा थर मिटतो. मात्र सर्व थर एकाच वेळी मिटत नाहीत. खुराजवळच्या हाडांतील थर बहुधा वर्षाच्या आत मिटतात. पुढच्या गुडघ्याच्या वरचा थर अडीच वर्षांच्या मागेपुढे मिटतो. मणक्यांतील थर तर पाच वर्षांनंतरही पुरते मिटलेले नसतात. आणि आपण खोगीर घालतो ते नेमके पाठीवर!

म्हणून विकत घेताना शिंगराचे तोंड उघडून पाहावे. समोरचे पहिले दोन पक्के दात अडीच वर्षांच्या सुमारास येतात. अदात शिंगरावर स्वार बसविणे, त्याला कठीण जमिनीवर नाचविणे किंवा गाडीस जुंपणे म्हणजे कच्च्या हाडावर ओझे टाकणे होय. याचा अर्थ त्याला दावणीला जखडून ठेवावे, असा मात्र नाही. मोकळ्या रानात आईमागे धावणारे शिंगरू आपले सांधे आपणच घडविते. ठाणबंद शिंगराला तो लाभ मिळत नाही.

दुसरी घाई चाऱ्यापाण्यातली. शिंगरू लवकर भरावे म्हणून तोबऱ्यात हरभरा आणि गव्हाचा कोंडा ओतला जातो. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-दहा पट असतो. वाढत्या शिंगराला पाहिजे ते याच्या उलट, म्हणजे कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दोन पट. हे प्रमाण बिघडले की रक्तातील कॅल्शियम टिकविण्यासाठी शरीर ते हाडांतून काढू लागते. हाडे ठिसूळ होतात, शिंगरू लंगडते, पुढे जबड्याची हाडेही सुजतात. मालक समजतो, मार लागला असेल. नेपिअरसारख्या काही हिरव्या गवतांतील ऑक्झॅलेटही कॅल्शियम अडवून ठेवते. कोंडा कमी करून लसूणघास द्यावा आणि खनिज मिश्रण पशुवैद्यकाच्या सल्ल्याने सुरू करावे.

अति चंदीवर झपाट्याने वाढणाऱ्या शिंगरांत आणखी एक विकार दिसतो. सांध्यालगतच्या कूर्चेचा रक्तपुरवठा तुटतो, तेवढा भाग हाड बनत नाही आणि कधी त्याची खपली सुटून सांध्यात फिरते. सांधा पाण्याने फुगतो. यात वंशाचाही वाटा असतो; तेव्हा ज्या वळूची शिंगरे वारंवार अशी निपजतात, तो वळू कितीही देखणा असला तरी टाळलेला बरा.

देशात २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाख घोडे व तट्टे होती. २०१९ मध्ये ती सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. मेंढरांमागे हिंडणाऱ्या धनगर कुटुंबाचा संसार आजही तट्टाच्या पाठीवर चालतो. ते तिसऱ्या वर्षी लंगडे झाले, तर बिऱ्हाड कोणी वाहावयाचे?

शेवटी नवजात शिंगराविषयी. सांध्यांचा सर्वांत घातक रोग नाळेतून शिरतो. जन्मल्यावर नाळेला जंतुनाशक लावावे, जागा कोरडी ठेवावी आणि पहिल्या काही तासांतच आईचा चीक पोटात जाईल हे पाहावे. एक दिवस उलटल्यावर चिकातील रोगप्रतिकारक द्रव्ये आतड्यातून रक्तात जात नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत सांधा गरम लागला, सुजला, शिंगरू पाय टेकेनासे झाले, तर लेप लावून वाट पाहत बसू नये. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. सांध्यात पू झाला की कूर्चा थोड्याच दिवसांत झिजते आणि ती पुन्हा पहिल्यासारखी येत नाही.